यंत्रावरील शेवटचा हात : सिलिंडर हेडच्या हस्तसंस्काराचा इतिहास

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. यंत्रयुगाचा इतिहासही पुष्कळसा याच धर्तीवर लिहिला गेला आहे. वॅटने वाफेचे इंजिन सुधारले, ऑटोने १८७६ साली फोर स्ट्रोक इंजिन सिद्ध केले, रुडॉल्फ डीझेलचे इंजिन १८९७ साली ऑग्झबुर्ग येथे यशस्वी रीतीने चालले, ही नावे आणि हे सन आम्ही शिक्षकांनी मुलांकडून वर्षानुवर्षे पाठ करून घेतले. परंतु त्या इंजिनांचे भाग यंत्रावरून उतरल्यानंतर त्यांवर शेवटचा हात कोणी फिरविला, हा प्रश्न कोणत्याही क्रमिक पुस्तकात आमच्या पाहण्यात आला नाही. या स्मरणिकेच्या वाचक कुटुंबांपैकी कित्येकांच्या घरी एखादा तरी फिटर, टर्नर किंवा मोटार-मिस्त्री होऊन गेला आहे. म्हणूनच इंजिनाच्या सिलिंडर हेडवर होणाऱ्या हस्तसंस्काराचा हा लहानसा इतिहास वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम हेड म्हणजे काय ते पाहू. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये दट्ट्या खालीवर धावत असतो. त्या सिलिंडरचे वरचे तोंड ज्या जाड ओतीव तुकड्याने बंद केलेले असते, ते सिलिंडर हेड होय. दिसावयास ते झाकण आहे. परंतु त्यास नुसते झाकण म्हणणे हा अन्याय ठरेल. हवा आत येण्याची वाट व जळका धूर बाहेर जाण्याची वाट यातूनच जाते. त्या वाटा उघडणाऱ्या व मिटणाऱ्या झडपा यातच बसविलेल्या असतात. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात पाण्याचे मार्गही याच्या पोटातून काढलेले असतात. इंधन जळते त्या क्षणी दर चौरस इंचास शेकडो पौंडांचा दाब या तुकड्यावर येतो. मिनिटाला ६०० फेरे घेणाऱ्या साध्या शेतकी इंजिनात प्रत्येक झडप मिनिटाला ३०० वेळा, म्हणजे आठ तासांच्या पाळीत १,४४,००० वेळा उघडते आणि मिटते. एवढ्या वेळा मिटूनही तिने दाब बाहेर सोडता कामा नये. मनुष्याचे जसे डोके, तसे इंजिनाचे हेड, हे नाव सार्थ आहे.

आता इतिहासाकडे वळू. वॅटची कल्पना कितीही तेजस्वी असली तरी तिला जन्म देणारा नीट गोल सिलिंडर त्याला अनेक वर्षे मिळाला नाही. हातोडीने ठोकून घडविलेल्या सिलिंडरमध्ये दट्ट्याच्या कडेने वाफ निसटे. ती अडविण्यासाठी चिंध्या, बूच, कागदाचा लगदा असे नाना उपाय त्याने करून पाहिले. १७७५ च्या सुमारास जॉन विल्किन्सन या लोखंडाच्या कारखानदाराने सिलिंडर आतून कोरण्याचे यंत्र उभारले, तेव्हा ही अडचण दूर झाली. पन्नास इंच व्यासाच्या सिलिंडरमध्ये जुन्या शिलिंगच्या जाडीइतकीही चूक नाही, असे वॅटचा भागीदार बोल्टन याने १७७६ साली समाधानाने कळविले. आजच्या कारखान्यात ही चूक अक्षम्य गणली जाईल; त्या काळी ती पराकाष्ठेची अचूकता होती.

गोलाईचा प्रश्न असा यंत्राने सोडविला. सपाटीचा मात्र सुटला नव्हता. दोन धातूंचे पृष्ठभाग एकमेकांवर बसवून त्यांतून वाफ वा वायू निसटू द्यावयाचा नसेल, तर ते दोन्ही खरोखर सपाट हवेत. ही सपाटी आणावयाची कशी? रंधायंत्राने, असे कोणी म्हणेल. पण त्या यंत्राची स्वतःची पट्टी सपाट आहे हे कशावरून? ती दुसऱ्या कोणत्या यंत्राने केली? आणि ते दुसरे यंत्र कशाने केले? अशा रीतीने मागे मागे जाता शेवटी मनुष्याच्या हातापाशीच येऊन पोहोचावे लागते.

लंडन येथील हेन्री मॉडस्ले (१७७१–१८३१) याच्या कारखान्यात सपाट पट्ट कामाच्या बाकांवर ठेवलेले असत व कामगार आपले काम त्यांच्याशी ताडून पाहात. याच कारखान्यात १८२५ साली जोसेफ व्हिटवर्थ (१८०३–१८८७) नावाचा तरुण कारागीर दाखल झाला. त्याचे वडील शाळामास्तर होते, हे येथे नमूद करण्यास आम्हांस विशेष आनंद वाटतो. पुढे मँचेस्टर येथे स्वतःचा कारखाना काढून १८४० साली त्याने ग्लासगो येथील विद्वत्सभेपुढे सपाट पृष्ठभाग सिद्ध करण्याच्या रीतीवर निबंध वाचला. ती रीत इतकी सोपी व इतकी खोल आहे की ती प्रत्येक शाळेत शिकविली जावी.

दोन बिडाचे पट्ट घेऊन ते एकमेकांस जुळतील असे केले, तरी ते सपाट ठरत नाहीत. एक किंचित फुगीर व दुसरा तितकाच खोलगट असला तरी ते तंतोतंत जुळतात. म्हणून तिसरा पट्ट घ्यावयाचा. पहिला व दुसरा, दुसरा व तिसरा, तिसरा व पहिला अशा तिन्ही जोड्या आळीपाळीने ताडावयाच्या. तिन्ही पट्ट कोणत्याही जोडीने जुळले, तरच ते सपाट. कारण तिघेही फुगीर असतील तर जुळणार नाहीत, आणि तिघेही खोलगट असतील तरीही जुळणार नाहीत. एका पट्टावर तेलात कालवलेल्या तांबड्या कावेचा पातळ थर द्यावयाचा, दुसरा त्यावर टेकवावयाचा, आणि जेथे रंग लागेल तो उंचवटा स्क्रेपर नावाच्या धारदार हत्याराने अलगद खरवडावयाचा. पुन्हा रंग, पुन्हा खरवडणे. वाळूने किंवा कुरुंदाच्या पुडीने दोन पट्ट एकमेकांवर घासून हे साधत नाही. कारण पूड कोठे किती खाईल यावर मनुष्याचा ताबा राहात नाही, असे व्हिटवर्थने आग्रहाने प्रतिपादन केले. खरवडणारा हात मात्र पाहिजे तेथेच आणि पाहिजे तेवढेच काढतो.

सांगावयाचे तात्पर्य असे की, आज ज्या अचूक यंत्रांपुढे हाताचे काम आपण कमी प्रतीचे समजतो, त्या यंत्रांची अचूकता मुळात हातातूनच जन्मली. हात हा यंत्राचा गुरू होता. आणि गुरूपेक्षा शिष्य पुढे गेला म्हणून गुरूचे ऋण फिटत नाही.

आता हेडकडे येऊ. पहिल्या अनेक पेट्रोल इंजिनांत सिलिंडर व हेड एकसंध ओतलेले असे. त्यामुळे सांध्याची चिंता नव्हती, पण आतली काजळी काढणे आणि झडपा दुरुस्त करणे जिकिरीचे होई. १९०८ साली बाजारात आलेल्या फोर्ड कंपनीच्या टी मॉडेल मोटारीला सुटे होणारे हेड होते. हेड सुटे झाले तेव्हा दुरुस्ती सुलभ झाली. पण त्याबरोबर एक मोठा सांधा निर्माण झाला, आणि त्या सांध्याची सपाटी राखण्याचे काम फिटरच्या पदरी आले.

यंत्रावरून उतरलेल्या हेडवर हाताने कोणकोणते संस्कार होतात, ते थोडक्यात सांगतो. पहिला संस्कार साफसफाईचा. ओतकामाच्या वेळी आतील पोकळ्यांसाठी वाळूचे गाभे ठेवलेले असतात. त्यांची वाळू पाण्याच्या मार्गांत कोठेही अडकून राहिली तर पुढे ती घात करते. दुसरा संस्कार कडा मारण्याचा. यंत्राच्या पात्याने कापलेल्या धातूच्या कडेला बारीक, तीक्ष्ण कंगोरा राहतो. ज्वलनाच्या पोकळीत असा कंगोरा राहिला तर तो तापून लाल होतो आणि ठिणगी पडण्यापूर्वीच इंधन पेटवितो. म्हणून कानस व पॉलिश कागद यांनी तो मोडावा लागतो. काम क्षुल्लक दिसते. पण ते न केल्यास दट्ट्याला भोक पडण्यापर्यंत मजल जाते.

तिसरा संस्कार झडप आणि तिची बैठक यांचा विवाह जुळविण्याचा. बैठक बहुधा ४५ अंशांच्या उताराने कापलेली असते. तिच्यावर घर्षक लेपाचा ठिपका देऊन, काठीच्या टोकाच्या रबरी वाटीने झडप धरून, दोन्ही तळहातांमध्ये ती काठी ताक घुसळावे तशी मागेपुढे फिरवितात. मधून मधून झडप उचलून थोडी जागा बदलून पुन्हा टेकवितात. कारण एकाच जागी एकाच दिशेने फिरविली तर वर्तुळाकार चरे पडतात. शेवटी झडपेच्या तोंडावर सर्व बाजूंनी अखंड, मंद करड्या रंगाची कडी दिसली पाहिजे. लहान इंजिनात तिची रुंदी सुमारे अर्धा सूत असते. त्याहून अरुंद झाली तर झडपेची उष्णता बैठकीत उतरत नाही व झडप जळते. फार रुंद झाली तर काजळी चिकटून बसते. परीक्षा करण्यासाठी वायूच्या वाटेत थोडे रॉकेल ओततात. ते झडपेखाली पाझरले नाही तर काम उतरले.

चौथा संस्कार वाटा नितळ करण्याचा. हेडच्या वाटेचे तोंड व त्यास जोडलेल्या नळीचे तोंड एकमेकांस जुळत नसेल, तर हवेला पायरी अडते. ती पायरी फिरत्या दगडाने घासून काढावी लागते. येथे हाताला विवेक हवा. वाट मोठी करण्याच्या हौसेने धातू जास्त काढला तर पलीकडील पाण्याच्या पोकळीला भोक पडते आणि सारे हेड भंगारात जाते. किती काढावयाचे हे जसे कळावे लागते, तसे कोठे थांबावयाचे हेही कळावे लागते.

आपल्या महाराष्ट्रात हे ज्ञान कारखान्यांबरोबर आले. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. ती नोकरी सोडून ते उद्योगात शिरले आणि १९१० साली औंध संस्थानातील माळरानावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली. तेथील नांगर व चरक यांनी ओतकामाचा आणि फिटरकामाचा हात तयार केला. १९३० नंतरच्या दशकात सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांच्या कारखान्याने डिझेल इंजिने बनविण्यास प्रारंभ केला. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली, आणि विहिरीवरील मोटेची जागा इंजिनाने घेण्याच्या कामी तिचा मोठाच वाटा होता. तिकडे सौराष्ट्रात, इंग्लंडमधील लिस्टर कंपनीच्या १९३० च्या सुमाराच्या संथ चालीच्या इंजिनाच्या नमुन्यावर राजकोटचे लहानमोठे कारखानदार अनेक वर्षे इंजिने घडवीत आले. कोल्हापुरात तर इंजिन-दुरुस्ती व ओतकाम यांतून उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव अशी कारखानदारी फुलत गेली.

इंजिन खेड्यात पोहोचले तसे हेड उतरविणारा मिस्त्रीही खेड्यात पोहोचला. उन्हाळ्यात पिके माना टाकीत असताना इंजिन बंद पडले, तर शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या मिस्त्रीची योग्यता वैद्याहून कमी नसे. विहिरीच्या काठी गोणपाट अंथरून तो हेड उतरवी, काजळी खरवडी, झडपा घासून बसवी, रॉकेल ओतून पाही आणि सायंकाळपर्यंत पाटाला पाणी लावी. व्हिटवर्थचे नाव त्याने ऐकलेले नसे. परंतु रंग लावून उंचवटा शोधण्याची जी विद्या तो वापरी, ती तीच होती.

येथवर आम्ही हाताची थोरवी गायिली. परंतु इतिहासाचा अभ्यास केवळ स्तुतीसाठी करावयाचा नसतो. हाताच्या अभिमानाला धक्का देणारा एक प्रसंग दुसऱ्या महायुद्धात घडला, तो सांगितलाच पाहिजे. रोल्स रॉइस कंपनीचे मर्लिन हे विमानाचे इंजिन इंग्लंडच्या संरक्षणाचा आधार होते. त्याचे उत्पादन वाढविण्यासाठी मँचेस्टरजवळ फोर्ड कंपनीचा कारखाना उभारण्याचे ठरले. फोर्डच्या अभियंत्याने आराखडे पाहून, या मापांवरून आम्हांस इंजिन बनविता येणार नाही असे सांगितले. रोल्स रॉइसचे अभियंते स्टॅनले हूकर यांना वाटले की मोटारवाल्यांना एवढी अचूकता झेपत नसावी. उत्तर मिळाले ते उलटेच. तुमच्या मापांतील कमीजास्तपणाची सूट फारच सैल आहे. आमच्या मोटारींचे भाग याहून पुष्कळ अचूक असतात, म्हणून ते न घासता जुळतात! हूकर यांनी ही हकीगत आपल्या आत्मचरित्रात मोकळ्या मनाने सांगितली आहे. रोल्स रॉइसमध्ये निष्णात फिटर भाग निवडून, घासून जुळवीत असत. फोर्डने सारे आराखडे नव्याने काढले आणि त्या कारखान्यातून ३०,००० हून अधिक मर्लिन इंजिने बाहेर पडली.

या प्रसंगाचा अर्थ काय? हाताने केलेले काम कमी प्रतीचे होते असे नव्हे. परंतु जे ज्ञान केवळ एका फिटरच्या बोटांत राहते, ते हजार ठिकाणी नेता येत नाही. संकट आले तेव्हा देशाला हजार ठिकाणी इंजिने हवी होती. एका इंजिनाचा भाग दुसऱ्यास लागत नसेल, तर रणांगणावरील दुरुस्ती होणार कशी? हाताचे ज्ञान मापात उतरले पाहिजे, हा तो धडा होय.

हाताला मापाची जोड मिळाली म्हणजे काय होते, याचे उदाहरण हॅरी वेस्लेक (१८९७–१९७८) या इंग्रज तंत्रज्ञाचे आहे. हेडच्या वाटेतून हवा किती वाहते, हे त्याने १९२० नंतरच्या दशकात उपकरण लावून मोजण्यास सुरुवात केली. तोपर्यंत वाट जितकी मोठी व चकचकीत तितकी चांगली, असा सर्वसाधारण समज होता. मोजू लागल्यावर कळले की वाटेचे वळण, झडपेपाशी तिचा आकार आणि हवेचा वेग यांना महत्त्व अधिक आहे. १९४८ साली गाजलेल्या जॅग्वार एक्सके इंजिनाच्या हेडमध्ये वेस्लेकच्या ज्ञानाचा उपयोग झालेला आहे. हात तोच, घासण्याचा दगड तोच. पण प्रत्येक घासणीनंतर मोजमाप आले आणि कसबाचे शास्त्र झाले.

यानंतरची हकीगत अगदी अलीकडची. आज संगणकाने चालणारी यंत्रे हेडच्या वेड्यावाकड्या वाटाही कोरून काढतात. परंतु शर्यतीच्या इंजिनांच्या धंद्यात अनेक ठिकाणी रीत अशी की, आधी एखादा कसबी कारागीर एक वाट हाताने घडवितो, तिच्यातील हवा मोजली जाते, आणि ती उत्तम ठरली म्हणजे तिचा आकार सूक्ष्म स्पर्शकाने टिपून यंत्रास शिकविला जातो. मग यंत्र त्याच्या शेकडो प्रतिकृती बिनचूक करते. प्रत यंत्राची, मूळ अक्षर हाताचे! व्हिटवर्थच्या काळी हाताने यंत्राला सपाटी शिकविली. आज तोच हात वळण शिकवीत आहे.

असे असले तरी पुढील काळाकडे डोळेझाक करून चालणार नाही. विजेवर चालणाऱ्या मोटारीला सिलिंडर नाही, म्हणून हेडही नाही. शेतातील पंपही बहुतेक ठिकाणी विजेवर, आणि आता सूर्यप्रकाशावर चालू लागले आहेत. झडपा घासणारी काठी उद्या कदाचित संग्रहालयात जाईल. तेव्हा या विद्येतील टिकाऊ भाग कोणता, याचा विचार आजच केला पाहिजे. आमच्या मते तो भाग असा : रंग लावून उंचवटा शोधणे, म्हणजे आपली चूक डोळ्यांना दिसेल अशी करणे, थोडे काढून पुन्हा ताडून पाहणे, आणि पुरे झाले तेथे थांबणे. साधन बदलेल, ही शिस्त बदलणार नाही. घासकामाची धूळ व ओतकामाची वाळू यांनी फुप्फुसे खराब होतात, म्हणून नाकावर आच्छादन व डोळ्यांवर चष्मा ही शिस्तही तितकीच आवश्यक आहे. जुन्या पिढीने ती पाळली नाही आणि कित्येकांनी त्याची किंमत खोकत खोकत मोजली.

आपल्या देशात १९५० साली कारागीर प्रशिक्षणाची सरकारी योजना सुरू झाली व १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. संस्था निघाल्या, दाखले मिळू लागले. तथापि आपल्या समाजाच्या मनात कचेरीतील खुर्ची वर आणि कामाचा बाक खाली, ही उतरंड अद्याप कायम आहे. आम्ही शाळेत असताना हुशार मुलास 'साहेब हो' आणि कच्च्या मुलास 'फिटर हो' असा आशीर्वाद देणारे पालक पुष्कळ पाहिले. ज्या हाताने यंत्राला अचूकता शिकविली, त्या हाताकडे केवळ कच्ची मुलेच पाठवावयाची, हे कोणत्या न्यायाने?

व्हिटवर्थ पुढे अतिशय धनवान झाला. १८६८ साली त्याने यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी दरसाल शंभर पौंडांच्या तीस शिष्यवृत्त्या ठेवल्या. त्यांची अट ध्यानात घेण्याजोगी होती. विद्यार्थ्याची परीक्षा पुस्तकी ज्ञानात तशीच प्रत्यक्ष कामातही घ्यावयाची. नुसता पंडित नको आणि नुसता कारागीरही नको, असा त्या शाळामास्तराच्या मुलाचा दंडक होता.

आपल्या मंडळाच्या वतीनेही दरवर्षी गुणवंतांचे सत्कार होतात आणि त्यांची छायाचित्रे याच स्मरणिकेत छापली जातात. त्या पानावर टक्केवारीच्या शेजारी, उत्तम फिटर किंवा उत्तम ओतारी ठरलेल्या एका तरी मुलामुलीचे छायाचित्र दरसाल असावे, अशी आमची चालकांस नम्र सूचना आहे. दुसरी विनंती कुटुंबांस. घरातील वृद्ध मिस्त्री अजून बोलते आहेत तोवर त्यांच्यापाशी वही घेऊन बसावे. कोणते हत्यार, किती माप, कोणती खूण, हे त्यांच्या शब्दांत टिपून घ्यावे. त्यांच्या हाताखालून गेलेल्या हजारो हेडांपैकी एकावरही त्यांचे नाव कोरलेले नाही. निदान आपल्या घरच्या वहीत तरी ते असू द्यावे.